संकोचाचं बिल

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळका रेल्वे गावचं एखादं कुटुंब नागपूर-पुण्याच्या मॉलमध्ये शिरतं, तेव्हा ते खरेदीला आलेलं नसतं. पोरगा तिकडे नोकरीला. सोयाबीन निघालेलं, दिवाळी आटोपलेली, म्हणून आई-बाबा आठ दिवस राहायला आलेले. रविवारी ‘चला, थोडं फिरवून आणतो’ असा बेत. तीन मजले पालथे घालून पाय भरून येतात, मग काचेआडच्या सूप-सँडविचच्या दुकानात बसायचं ठरतं. भूक कोणालाच नसते.

खुर्ची हवी असते. तिचं भाडं वाटीतून वसूल होतं.

दुकानदारालाही भाडं आहे, हे मान्य. मॉलमध्ये चौरस फुटाचा दर, वर देखभालीचा खर्च, बऱ्याच ठिकाणी विक्रीतला वाटा. एवढं सगळं त्या वाटीतूनच निघणार. तेव्हा किमतीबद्दल भांडण नाही. भांडण आहे न विचारता वाढलेल्या आकड्यांशी. आणि त्याहून जास्त, ते आकडे मुकाट भरणाऱ्या आपल्याशी.

पण किंमत एकदा मोजून तरी पाहा. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे किलोला ५३ रुपये २८ पैसे, तेही कोणी हमीभावाने घेतलं तर. मॉलमधली सूपची वाटी दोनशेच्या घरात. वाशिमच्या शेतकऱ्याने जवळपास चार किलो सोयाबीन मोजायचं, तेव्हा एक मनचाव सूप. त्यात सोया सॉस किती?

चमचाभर.

टोमॅटोची गोष्ट तर आणखी उघडी. मे २०२३ मध्ये भाव पडला म्हणून नाशिक भागातल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. जुलैत तोच टोमॅटो शंभरी पार करून गेला, आणि मॅकडोनाल्ड्सच्या उत्तर व पूर्व भारतातल्या दुकानांनी, हवा तसा माल मिळत नाही असं सांगून, बर्गरमधली टोमॅटोची चकतीच काढली. माल महागला की लगेच हालचाल होते. मेमध्ये तो मातीमोल होता तेव्हा टोमॅटो सूप किती रुपयांनी उतरलं?

कोणाला आठवत असेल तर सांगा.

मॉलला आपल्यासारखी माणसं नको होती, हे काही गुपित नाही. १९९९ साली मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा देशातला अगदी सुरुवातीचा मॉल उघडला. मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा आणि आत या. नसेल तर ६० रुपये भरा, असा तिथला सुरुवातीचा दंडक. तेव्हा मोबाइल किती जणांकडे होता? ओरड झाली, तो दंडक गेला. दारावरची गाळणी गेली.

टेबलावरची राहिली.

बसल्या बसल्या समोर येतो ठिपक्यांचा चौकोन. फोन काढा, टिपा, मेनू उघडा. बाबांचा फोन बटणांचा. मेनू उघडला तरी इंग्रजीत. दुकानाची पाटी मात्र ठळक मराठीत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कुठे अनेक पाट्या बदलल्या. पाटी वाचून आत आलेल्या माणसाला मेनू वाचता यायला नको?

कायदा दारापर्यंत आला, टेबलापर्यंत यायचा आहे. तोवर छापील मेनू मागा. तोही नसेल तर पोराला वाचून दाखवायला सांगा. मोठ्याने.

मेनूत आणखी एक गोष्ट शोधा. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी प्रत्येक पदार्थासमोर त्यातल्या कॅलरी लिहाव्यात, ॲलर्जी आणणारे घटक कळवावेत, असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. क्रीमचं सूप आणि चीज-मेयोनेज भरलेलं सँडविच ‘हलकंच काहीतरी’ म्हणून मागवणाऱ्यांनी तो आकडा एकदा वाचावा. आईला साखरेचा त्रास आहे, बाबांना बीपीचा, आणि आपण सूप पौष्टिक म्हणून पुढे सरकवतो. सूप दाट कशाने झालं? बहुतेकदा कॉर्नफ्लोअरने. चव कशाने आली? मिठाने. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा. वाटीत किती गेलं, हे विचारणं हा आगाऊपणा नव्हे.

ब्राऊन ब्रेडचंही तेच. रंग तपकिरी म्हणून गहू अख्खा, असं काही नसतं. मैद्यालाही कॅरामलचा रंग देता येतो.

पाणी. वेटर येतो, झाकण मोडत मोडतच विचारतो, ‘बॉटल चालेल ना?’ इथे जरा सावध. बाटलीवर छापील किंमत वीस आणि बिलात त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणून तुम्ही भांडायला गेलात तर कायदा तुमच्या बाजूने नाही. हॉटेल-रेस्टॉरंट बाटलीबरोबर बसण्याची सेवाही देतं, त्यामुळे त्याला छापील किमतीचं बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. मग करायचं काय? झाकण मोडण्याआधी दोन शब्द बोलायचे.

साधं पाणी.

एवढं म्हणायला आपली जीभ अडते. का अडते? घरी आलेल्या अनोळखी माणसालाही आधी पाण्याचा तांब्या देणारी आपण माणसं, आणि इथे पाणी मागायची लाज?

जेवण होतं. बिलाआधी मोबाइल नंबर मागतात. आपण सांगून मोकळे. त्या नंबरावर पुढे वर्षभर पिझ्झ्याच्या, कर्जाच्या, फ्लॅटच्या हाका येत राहतात. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानांना बजावलं आहे. ‘नंबर नाही देत’ असं सरळ म्हणा.

आता मुख्य मुद्दा. बिल आलं की सगळ्यांत खालचा आकडा पाहून पाकीट काढायची सवय सोडा. ओळीने वाचा. समजा, खाण्याचे हजार रुपये झाले. त्यावर पाच टक्के जीएसटी म्हणजे पन्नास. एक हजार पन्नास. संपलं. पण मध्येच एक ओळ असते सर्व्हिस चार्जची. दहा टक्के, शंभर रुपये. मग जीएसटी हजारावर नाही, अकराशेवर. पंचावन्न. एकूण अकराशे पंचावन्न. म्हणजे जो पैसा तुम्ही देणं लागतच नाही, त्याच्यावरही तुमच्याकडून कर कापला.

देणं लागत नाही, हे मी म्हणत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते लिहून ठेवलं आहे. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकायचा नाही. दुसऱ्या कुठल्या नावानेही घ्यायचा नाही. तो देत नाही म्हणून आत येऊ द्यायचं नाही, असंही करायचं नाही. खाण्याच्या पैशांत मिसळून त्यावर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना उचलून धरल्या.

तरी ती ओळ अजून काही बिलांत दिसते. का?

कारण ती काढायला कोणी सांगत नाही. ‘शंभर रुपयांसाठी कुठे तोंड वाजवायचं?’ हे वाक्य मी सुशिक्षित, पगारदार, चारचाकीवाल्या माणसांकडून ऐकलं आहे. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी म्हातारीशी दहा मिनिटं घासाघीस करणारीच ही माणसं. तिथे आवाज चढतो, इथे बसतो. जिच्याकडे जास्तीचे पाच रुपये राहिले तर संध्याकाळी तिच्याच चुलीला लागतील, तिच्याशी हुज्जत. आणि ज्याने नियम मोडून शंभर लावले, त्याला ‘थँक्यू’.

‘अहो, पण ते पैसे वाढणाऱ्या पोरांना मिळतात,’ असं कोणी म्हणेल. मिळतात का, हे वाढणाऱ्या पोरालाच विचारा. त्याला द्यायचे असतील तर त्याच्या हातात द्या. तुमची खुशी, त्याचा हक्काचा पैसा, मध्ये कोणी नाही.

त्या पोराकडे जरा नीट बघाही. त्याचं गाव विचारा. यवतमाळ, बुलढाणा, आपलं वाशिम, असं काहीही उत्तर येऊ शकतं. नागपूरचा एम्प्रेस मॉल जिथे उभा आहे, तिथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. मुंबई सोडून त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस हाताशी होता. तो पिकवणारे आपलेच पणजे-खापरपणजे. त्या मिलने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देणं सुरू केलं. मुंबईत लोअर परळचं फिनिक्सही मिलच्याच जागेवर. गाठी गेल्या, भोंगा गेला, सूप आलं. काळ बदलतो, त्याचं दुःख नाही. पण मिलच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या दुकानात, दुपारपासून रात्रीपर्यंत ट्रे उचलणाऱ्या पोराला टेकायला स्टूल तरी आहे का?

केरळने २०१८ मध्ये दुकानांतल्या कामगारांच्या बसण्याच्या हक्काचा कायदा केला. तामिळनाडूने २०२१ मध्ये. आपल्या ऐटबाज मॉलमधल्या एकाही खुर्चीवर तो पोरगा कधी बसलेला दिसला आहे?

सगळंच वाईट आहे असं मात्र कोणी समजू नये. गावाकडच्या बायका मॉलमध्ये खुलतात, आणि त्याचं कारण सूप नाही. स्वच्छ, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. एकटी बाई तासभर बसली तरी कोणी टक लावून बघत नाही. तालुक्याच्या कुठल्या हॉटेलात हे मिळतं? बसस्थानकावर मिळतं? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आपल्या वाशिमच्या मालेगाव तालुक्यातून धडधडत गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा उघडला तेव्हा गाड्या सुसाट होत्या, आणि बायकांना उतरायला धड जागा नव्हती. रस्ता आधी, माणूस नंतर.

ही खरी मागणी आहे आणि मॉलने ती ओळखली. आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांनी का नाही ओळखली? शेगावच्या कचोरीने रेल्वेच्या फलाटावरून नाव काढलं, काचेची भिंत न लावता. जऊळक्यालाही स्टेशन आहे. गाडी जुन्या मीटरगेजवरून ब्रॉडगेजवर आली, त्यालाही बरीच वर्षं झाली. मुगाचं कढण, ज्वारीची आंबील, गरम कढी, कळण्याची भाकर आणि ठेचा. हे वाटीत, ताटलीत, स्वच्छ टेबलावर, शेजारी कडी लागणाऱ्या संडासासह कोणी दिलं, तर समृद्धीवरची गाडी वाट वाकडी करून येईल. चव आपल्याकडे आहेच. कमी आहे ती फरशी पुसायच्या शिस्तीची.

राहता राहिली पोरं. मॉलमध्ये सगळ्यांत जास्त संकोच कोणाला वाटतो? आई-बाबांना नाही. बाबा तर बिल बघून सरळ विचारतात, ‘एवढुशा पान्याचे एवढे पैसे कायले?’ रास्त प्रश्न. ग्राहक कायद्याचं सगळं सार त्यात आलं. आणि पोरगा दात आवळून म्हणतो, ‘बाबा, हळू बोला न.’

हळू का? ज्यांनी बाजार समितीत अडत्याशी, मापाऱ्याशी, बँकेच्या साहेबाशी भांडून तुम्हाला शिकवलं, त्यांचा आवाज आता तुम्हाला खुपायला लागला? शेजारच्या टेबलावरची अनोळखी माणसं काय म्हणतील, याची एवढी भीती? शेजारच्या टेबलावरही त्याच बिलात तीच ओळ आहे, आणि तिथेही एक पोरगा बापाला गप्प करतो आहे.

बाबांना बोलू द्या. त्यांचा प्रश्न मॅनेजरपर्यंत न्या, सर्व्हिस चार्जची ओळ काढायला सांगा, नवीन बिल घ्या. ऐकलं नाही तर तिथेच, टेबलावरून, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. क्रमांक १९१५. तिथे मराठीतून बोलता येतं.