बाहुली म्हणू नये

मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत या धास्तीने १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने आपल्या ‘जी. आय. जो’ या सैनिकाला ‘अ‍ॅक्शन फिगर’, म्हणजे सांधे वळवून हव्या त्या पवित्र्यात उभी करता येणारी आकृती, असे भारदस्त नाव दिले; त्याचे कपडे मात्र बाहुलीसारखे बदलता येत होतेच. पुढे, बाहुल्यांवरील जकात इतर खेळण्यांहून जास्त असल्यामुळे, टॉय बिझ कंपनीने ‘एक्स-मेन’ या कॉमिक्समधील पात्रांच्या आकृत्या मुळात माणसांच्याच नाहीत, सबब त्या बाहुल्याही नव्हेत, असा दावा अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात २००३ मध्ये जिंकला, आणि आपणही माणसेच आहोत हे जगाला पटवण्यात ज्यांची हयात गेली, त्या म्युटंटांना, म्हणजे जन्मजात जनुकीय बदलातून शक्ती लाभलेल्या नायकांना, त्यांच्याच मालकांनी माणसांतून उठवले. संग्राहकांचे सोवळे याहून कडक असून, वळवण्यासाठीच घडवलेली आकृती ‘मिंट’, म्हणजे टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यासारखी कोरी, राहावी म्हणून ते खोक्याची चिकटपट्टीही उचकटत नाहीत. ‘बिल्ड-अ-फिगर’ पद्धतीत तर एखाद्या धिप्पाड पात्राचा देह इथे हात, तिथे पाय असा वेगवेगळ्या खोक्यांत वाटलेला असतो, त्यामुळे एक धड जुळवण्यापायी नको असलेले चार नायक पदरात घ्यावे लागतात. तोवर पुढच्या मालिकेची आगाऊ नोंदणी सुरू झालेली असते.