मानखुर्दचे कानसेन

प्रत्येक सोसायटीत एक शेअरवाले असतात, एक होमिओपथीवाले असतात आणि हल्ली एक साउंडवाले असतात. आमच्या मानखुर्दच्या बिल्डिंगमधले साउंडवाले म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे कानसेन. नाव पोरांनी चेष्टेने ठेवलं, त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं.

मानखुर्दात राहून आवाजाचा शौक करायला छाती लागते. एका अंगाला हार्बर लाइन, दुसऱ्या अंगाला लिंक रोडवरचे ट्रक, आणि मधल्या जागेत बारा महिने कुणाची तरी हळद. 1992 मध्ये खाडीवरून गाडी वाशीला जायला लागली, त्याआधी मानखुर्द हे शेवटचं स्टेशन होतं. गाडी इथे येऊन थांबायची. आपल्या ‘नॉइज फ्लोअर’ची, म्हणजे मागच्या शांततेची, वाट गाडी पुढे जायला लागल्यापासून लागली, असं कानसेनांचं म्हणणं. वाशीकरांवर त्यांचा राग आहे तो एवढ्याचसाठी.

असा माणूस कान बंद करणारे हेडफोन घेईल असं तुम्हाला वाटेल. कानसेनांनी उघड्या पाठीचे घेतले. ग्राडोचे, महोगनी लाकडाचे. उघड्या पाठीचे म्हणजे कपाच्या मागे नुसती जाळी. आतलं गाणं बाहेर जातं, बाहेरचं जग आत येतं. ते ऐकत बसले की शेजारी भाजी निवडणाऱ्या काकूंना सगळी बंदिश बारीक आवाजात ऐकू येते, आणि काकूंनी मुळ्याबद्दल काढलेले उद्गार यांना ऐकू जातात. “पण स्टेज बघा ना किती मोठं!” ते म्हणतात. ज्या हॉलमध्ये सोफा-कम-बेड उघडला की दार उघडत नाही, तिथे निदान कानात तरी ऐसपैस जागा असावी, हे मला मनापासून पटतं.

ऐकण्याचा विधी मात्र सोवळ्यातला. आधी पंखा बंद. मग हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. मग चकलीचा डबा उघडायचा. हो, हेडफोन त्यातच असतात, सोबत औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. खाडीची हवा लाकडाला बाधते म्हणून काकूंचा तो हवाबंद डबा जप्त झाला आणि चकल्या प्लास्टिकच्या पिशवीत मऊ पडू लागल्या. शेवटी स्वयंपाकघराच्या दिशेने आज्ञा सुटते, “अगं, कुकर बंद कर.” मग आपल्या डोक्यावर हेडफोन चढवले जातात आणि कानसेन समोर बसून आपल्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात. भीमसेनांनी षड्ज लावलेला असतो, पण आपलं लक्ष समोरच्या दोन डोळ्यांकडे.

“ऐकलंत?”

“वा, सुंदर.”

“गाणं नाही हो. मागे तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं ते.”

खोकला वुडी आहे, असं ते सांगतात. वुडी, वॉर्म, एअरी ही त्यांची त्रिसूत्री. काकूंच्या आमटीलाही ते एकदा ‘मिड्समध्ये जरा मागे’ म्हणाले होते. नंतर दोन दिवस आमटी झाली नाही.

ग्राडो कंपनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली. रेकॉर्ड प्लेयरची कार्ट्रिजेस बनवत 1953 मध्ये सुरू झालेली, नंतर घरच्या जुन्या फळांच्या दुकानाच्या जागेत आलेली. त्याच 1953 साली पुण्यात भीमसेनांनी सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. कानसेन याला योगायोग मानत नाहीत. सोनीच्या 1989 च्या एमडीआर-आर10 हेडफोनविषयी ते एखाद्या बुडालेल्या संस्थानासारखं बोलतात. दोनशे वर्षांच्या झेल्कोव्हा झाडाचं लाकूड, म्हणताना त्यांचा गळा दाटतो. डेनॉनचा एक बांबूचाही येतो, पण त्याची किंमत बघितल्यावर बांबू नेमका कुणाला, हे त्यांनीच मला हसत विचारलं होतं.

आता खरं सांगायचं तर गाणं वाजतं ते आतल्या छोट्याशा पडद्यातून. आवाज ठरतो मुख्यतः तिथेच, आणि कानावर टेकणाऱ्या गादीत. गादीचा फोम चेपला, पडदा कानाच्या जवळ आला, की आवाजाचा नूर पालटतो. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये कप किती खोल, आत नमदा किती, याने बेस कमी-जास्त होतो. लाकडाचं काम एवढंच की पातळ प्लास्टिकसारखं थरथरायचं नाही, उठलेली कंपनं पोटात जिरवायची. अक्रोड आणि महोगनी यांतला फरक निव्वळ कानाने ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कानसेनांचे हेडफोन यंदा जास्त ‘मॅच्युअर’ वाजतात, ते लाकूड मुरल्यामुळे म्हणे. फोमची पार भाकरी झाली आहे, हे मी बोललो नाही. शेजारधर्म असतो.

एकदाच वाद घातला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. घरात तानपुरा नाही, मिरजेत नातेवाईक नाहीत. “लाकडाचा विजय आहे,” म्हणाले. मी म्हटलं, “अहो, तानपुऱ्याचं लाकूड वाजण्यासाठी असतं. तारेची जवारी घोडीतून तबलीत उतरते, भोपळा घुमतो. हेडफोनचं लाकूड वाजलं तर तो दोष झाला. त्याने गप्पच बसायचं.” कानसेन बराच वेळ पेढा चघळत राहिले. मग म्हणाले, “थोडं वाजावं हो. मिठाइतकं.”

यावर काय बोलणार? आणि एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. आख्ख्या बिल्डिंगमध्ये मोबाइल न चाळता, मध्येच न उठता, विलंबित ख्याल शेवटपर्यंत ऐकणारा माणूस हा एकच. खोकल्यासाठी ऐकत असेल, पण ऐकतो.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे खिडकीची चौकट दुरुस्त करायला महाराष्ट्र नगरातले सुतार आले. मीही तिथेच होतो. विधी नुकताच सुरू झाला होता. पंखा बंद, कुकर बंद. सुताराने हेडफोन हातात घेतले, पण कानाला लावले नाहीत. कपावरून अंगठा फिरवला, रेषा उजेडाकडे धरून बघितल्या, नखाने टिचकी मारली. “महोगनी. कुठे गाठ नाही, कुठे लांबी भरलेली नाही. खराद्याचा हात चांगलाय, काका.” इतकी वर्षं पाहुण्यांना बळंच ऐकवण्यात घालवलेल्या माणसाला प्रथमच कुणीतरी लाकडाबद्दल बोलणारं भेटलं होतं. कानसेन विरघळले. झाड कुठलं, वजन किती, पॉलिश कसलं, सगळं सांगत सुटले.

“केवढ्याला पडलं, काका?”

घरात सांगितलेला आकडा खऱ्याच्या अर्धा आहे, हे मला ठाऊक होतं. भरात आलेल्या कानसेनांनी पुरा सांगितला, वर कस्टम ड्युटीही जोडली.

पंखा बंद, कुकर बंद. नेमकी त्या वेळी ना एखादी लोकल गेली, ना ट्रक.

“अहो, किती म्हणालात?” आतून आवाज आला.

कानसेनांनी घाईघाईने हेडफोन कानाला लावले आणि डोळे मिटले. उघड्या पाठीचे असल्यामुळे पुढचं सगळं त्यांना स्वच्छ ऐकू गेलं असणार.