मोठे टायर बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शन ज्यांनी नवीकोरी थार घेतली आहे, जिच्यात अद्याप एक नटही परका नाही, आणि तरीही रात्री पार्किंगमध्ये तिच्याकडे बघताना ज्यांना 'काहीतरी कमी आहे' असं वाटतं, अशा सज्जनांसाठी आहे. काय कमी आहे ते आधीच सांगतो. काहीच कमी नाही, उलट जास्त आहे: टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मोकळी जागा. चाक खड्ड्यातून वर उसळेल, स्टिअरिंग वळेल, चिखल अडकेल, म्हणून इंजिनिअरांनी ती मुद्दाम सोडलेली असते. साधकाने मात्र ती पडीक जमीन समजावी आणि अतिक्रमणाच्या तयारीला लागावं.

प्रथम टायरच्या अंगावरची कुंडली वाचायला शिका. सोळा इंची रिमच्या थारला कंपनी २४५/७५ आर १६ मापाचे टायर देते. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि रिम १६ इंच. गुणाकार-बेरीज केली की टायरचा व्यास येतो ७७४ मिलिमीटर. तुमच्या स्वप्नात येतो तो २८५/७५ आर १६. त्याचा व्यास ८३४. बाजारात त्याला प्रेमाने 'तेहतीसचा' म्हणतात. साठ मिलिमीटर वाढले म्हणून गाडी साठ मिलिमीटर उंच होईल, असं समजून कोणी गावजेवण घालू नये. तीस खाली मिळतात. उरलेले तीस वर, मडगार्डच्या दिशेने जातात. तीस मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन बोटं. पाच टायरांचा खर्च लाखाच्या घरात जातो, तेव्हा एका बोटाचा भाव ज्याचा त्याने काढावा.

पण अन्याय नको. ही दोन बोटं खरी आहेत. थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. लिफ्ट किट घालून तुम्ही बॉडी कितीही वर उचला, तो गोळा जमिनीपासून तितकाच राहतो. त्याला वर उचलतो फक्त टायर. सह्याद्रीतल्या एखाद्या दगडगोट्यांच्या वाटेवर खालून 'खडाक्' असा आवाज ज्याने ऐकलाय, त्याच्या हट्टाला मी हसणार नाही. बाकी ज्यांची गाडी सोसायटीच्या गतिरोधकापलीकडे चढलेली नाही, त्यांनी पुढे वाचावं.

आता टायरच्या दुकानात जा. तिथे एकच प्रश्न विचारायची परंपरा आहे: "बसेल का?" उत्तरही ठरलेलं आहे: "बसतंय की, बिनधास्त!" टायरवाला खोटं बोलत नाही. टायर बसतो. तो वळतो का, हे तुम्ही विचारलेलंच नसतं.

वळतो का, हे घरी आल्यावर तपासायचं. स्टिअरिंग एका बाजूला पार टोकापर्यंत फिरवा, दुसऱ्या बाजूचं पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवा, आणि घरातल्या एखाद्या सहनशील माणसाला बाहेर कान देऊन उभं करा. गाडी हळू पुढे घ्या. 'खर्रर्र' ऐकू आलं तर खाली उतरा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि मडगार्डच्या आतलं प्लास्टिक बघा. सगळीकडे धुळीचा करडा थर असेल आणि मधेच हाताएवढा पट्टा बुटाला पॉलिश केल्यासारखा काळाभोर चमकत असेल. त्याच्या खालच्या टोकाला मडफ्लॅपचा स्क्रू असतो. त्या स्क्रूने तुमच्या नव्या टायरच्या खांद्यावर एक बारीक, सुबक रेघ कोरलेली असेल आणि खाली रबराचा चुरा पडलेला असेल, पेन्सिलच्या खोडरबराचा पडतो तसा. जिथे आवाज आला नाही तिथे टायरला खडू फासून पुन्हा फिरवा. खडूचा पांढरा डाग कुठे उमटतो ते बघा. उलट बाजूने, रिव्हर्समध्येही हेच करा. कित्येक टायर पुढे जाताना सभ्य असतात आणि मागे येताना चावतात.

यावर उपाय तीन. प्लास्टिक हीट गनने गरम करून आत दाबायचं, हॅकसॉने कापायचं, किंवा आयुष्यभर स्टिअरिंग पूर्ण न वळवता जगायचं. तिसरा उपाय बिनखर्चाचा असल्यामुळे लोकप्रिय आहे. पुण्याच्या पेठांत त्याचा सराव करून पाहावा.

दरम्यान, टायर चाळीस मिलिमीटर रुंदही झालाय हे विसरू नका. त्यातले निम्मे आत, सस्पेन्शनच्या आर्मकडे सरकतात. तिथलं घासणं थांबवायला लोक स्पेसर घालतात किंवा बाहेर येणारी रिम घेतात. चाक बाहेर आलं की वळताना त्याचा फेरा मोठा होतो, आणि तो थेट बंपरच्या कोपऱ्याला भेटतो. आतलं दुखणं बाहेर आलं, एवढाच फरक. वर बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळा. पण तो दिसत नाही, त्यामुळे फोटोत अडचण येत नाही.

इथून पुढे गाडी एकेक करून तुमच्याकडे हिशोब मागायला येते. व्यास पावणेआठ टक्के वाढला, म्हणजे एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पळते, आणि मीटरला याची खबर नसते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर काटा १०० वर असेल तेव्हा गाडी त्याहून वेगात असू शकते. कंपन्या मीटर मुळातच थोडं चढं दाखवतात म्हणून फरक जरा कमी पडतो, पण कॅमेऱ्याला ही बारीक चर्चा ऐकायला वेळ नसतो. किलोमीटरचा आकडा मात्र कमी पडतो: प्रत्यक्ष दहा हजार धावलेली गाडी सव्वानऊ हजारांच्या आसपास दाखवते. त्यामुळे सर्व्हिस उशिरा होते आणि अ‍ॅव्हरेज असतं त्याहूनही वाईट दिसतं. ते खरोखरही वाईट झालेलं असतंच.

जड टायर फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. ब्रेक तेच, इंजिन तेच. चाक मोठं झालं की सगळे गिअर आपोआप 'उंच' होतात, आणि ताम्हिणीत जिथे गाडी तिसऱ्यात गुणगुणत चढायची तिथे दुसरा टाकावा लागतो. यावरचा खरा इलाज म्हणजे क्राउन-पिनियन बदलून गुणोत्तर जुळवणं. आणि फोर बाय फोर गाडीत ते पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचं बदलावं लागतं. तेव्हा 'फक्त टायर' घ्यायला निघालेल्या माणसाने लिफ्ट किट, अलाइनमेंट, ब्रेक आणि क्राउन-पिनियन असा चारधाम आधीच वहीत मांडून ठेवावा.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला गाडीत परस्पर केलेले फेरफार मान्य नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पाच टायर म्हणजे एक फेरफार की पाच, असा वाद हवालदारसाहेबांशी भर रस्त्यात घालू नये.

पाच म्हणालो, कारण स्टेपनी. चार मोठे आणि पाचवा जुना, अशी काटकसर सुचणारच. पण पंक्चर झाल्यावर तो छोटा पाचवा लावून कोणी फोर बाय फोर टाकला, तर पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळ्या हिशोबाने फिरतं, आणि मधला ट्रान्सफर केस दोघांच्या भांडणात पिळवटून निघतो. म्हणून पाचवाही मोठाच घ्या. तो मागच्या दारावर टांगला की दार उघडताना बिजागऱ्या काय म्हणतात ते ऐका.

एक फुकटचा उपाय सांगायचा राहिला. वाळूत किंवा चिखलात शिरण्यापूर्वी आहे त्याच टायरची हवा बत्तीसच्या आसपासवरून विशीपर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीवरचा ठसा लांबतो, पकड डोळ्यांना दिसेल इतकी वाढते. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरा. त्यासाठी छोटा कंप्रेसर गाडीत असू द्या. या उपायाने पार्किंगमधल्या शेजाऱ्यांवर काडीचाही परिणाम होत नाही, त्यामुळे तो फारसा चालत नाही.

शेवटी जुन्या पाच टायरांचं. काही महिने ते बाल्कनीत ताडपत्रीखाली ठेवा, कारण वॉरंटीचं काम निघालं की सर्व्हिस सेंटरमधला माणूस गाडीकडे न बघता आधी चाकांकडे बघतो. मग विकायला काढा. सोळा इंची रिमची गाडी असलेला, आपले टायर फार बारीक दिसतात या विचाराने झोप उडालेला एखादा तरुण नक्की फोन करेल. तो विचारेल, "दादा, घासत नाहीत ना?" त्याला छातीवर हात ठेवून सांगा, "माझ्या गाडीला तरी कधीच घासले नाहीत."