उद्योजक-आमदार: उत्पत्ती आणि विकास

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ जागा असून, त्यांवर बिल्डर, कंत्राटदार, साखर कारखानदार किंवा शिक्षणसम्राट (म्हणजे देणगी घेऊन ज्ञानदान करणारे दानशूर) या मार्गांनी येणाऱ्यांच्या जीवनक्रमाचा अभ्यास केल्यास त्यात तीन अवस्था स्पष्ट दिसतात.

पहिली अवस्था शुभेच्छुकाची होय. या काळात व्यावसायिक हा नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, तळाच्या रांगेत, पासपोर्ट आकाराच्या छायाचित्रातून प्रकट होतो. फ्लेक्सचे पैसे त्याचे असतात आणि मोठा चेहरा नेत्याचा. मंडळांची वर्गणी, दहीहंडीचे बक्षीस, पंढरपूरच्या बसगाड्या आणि शिबिरांतील मोफत चष्मे यांवरील खर्च वाढेल तसा त्याचा चेहराही मोठा होत जातो, आणि एका गणेशोत्सवात त्याच्या नावापुढे 'भावी आमदार' ही पदवी झळकते, जी प्रदान करणारे विद्यापीठ फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात असते.

दुसरी अवस्था उमेदवारीची, अर्थात वैराग्याची. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र द्यावे लागते व त्यात स्वतः, जोडीदार, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबित यांच्या मालमत्तेचे वेगवेगळे रकाने असतात. ज्याच्या मागेपुढे गाड्यांचा ताफा धावतो त्याच्या स्वतःच्या वाहनांच्या रकान्यात 'निरंक' असे वाचून मतदाराने गहिवरावे, अशी त्यात सोय आहे. समता तर याच टप्प्यावर कळसाला पोहोचते, कारण २०२४ मध्ये घाटकोपर पूर्व येथील बांधकाम व्यावसायिक पराग शहा यांनी सुमारे ३,३८३ कोटी रुपयांची मालमत्ता जाहीर केली, तरी त्यांना आणि डिपॉझिटचे पैसे उसने आणणाऱ्या अपक्षाला कायद्याने ठरवलेली खर्चमर्यादा एकच, म्हणजे ४० लाख रुपये, होती.

तिसरी अवस्था लोकप्रतिनिधित्वाची असून तीत फ्लेक्सचे अर्थशास्त्र उलटे होते: रस्ता, पेव्हर ब्लॉक आणि बसथांबा स्थानिक विकास निधीतून, म्हणजे प्रत्येक आमदाराने सुचवलेल्या कामांसाठी राज्याच्या तिजोरीतून मिळणाऱ्या वार्षिक रकमेतून, होतात आणि फलकावर मात्र 'यांच्या अथक प्रयत्नांतून' असे लिहिलेले असते. व्यवसायाचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये सापडते. त्याच्या कलम ९-अ नुसार सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा करार चालू असेल तोवर ती व्यक्ती अपात्र ठरते. मात्र तो करार तिने स्वतः केलेला असावा लागतो, त्यामुळे निवडणूक जवळ आली की मेहुण्यांच्या अंगची उद्योजकता एकाएकी फुलून येते. कलम १० नुसार ज्या कंपनीत किंवा महामंडळात सरकारचा वाटा किमान २५ टक्के आहे तिच्या व्यवस्थापकालाही अपात्रता लागू होते, पण तेथे 'सहकारी संस्था वगळून' असा एक कंस टाकलेला आहे आणि महाराष्ट्राच्या राजकारणाचा बराचसा इतिहास त्या कंसात सुखाने नांदत आला आहे. साखर कारखान्याला भागभांडवल सरकारने द्यावे, कर्जाला थकहमीही (म्हणजे कारखान्याने कर्ज बुडवल्यास ते सरकार फेडील, हे वचन) सरकारनेच द्यावी, आणि त्या सरकारला प्रश्न विचारण्यासाठी कारखान्याचे अध्यक्षच निवडून जावेत, हा स्वावलंबनाचा प्रयोग अन्यत्र क्वचितच आढळेल.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील निकालानंतर नमुना २६ मध्ये सुधारणा होऊन जोडीदार, अवलंबित आणि भागीदारी संस्था यांच्या सरकारी करारांची माहितीही द्यावी लागते. अपात्रतेची व्याप्ती मात्र होती तेवढीच राहिली, म्हणजे मेहुण्याची झोप अद्याप शाबूत आहे. मतदाराच्या हाती आता माहिती भरपूर असते. समोरच्या पक्षाचा उमेदवारही बहुधा त्याच धंद्यातला असल्याने, त्या माहितीचे करायचे काय, एवढाच प्रश्न त्याच्यासाठी खुला ठेवण्यात आलेला आहे.