विद्यार्थी संपादक, स्वतःच्या गाडीसह

पुण्यातल्या एका जुन्या मासिकात 'विद्यार्थी संपादक पाहिजे' अशी चौकट छापून आली आणि आमच्या घरात दोन तट पडले. आईला माझं साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदच दिसू लागलं. बाबांनी चष्मा वर करून 'देणार किती?' एवढंच विचारलं. कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी तर भर वर्गात अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथला ओढून आणलं. न्यूयॉर्कचं 'मादमोआझेल' मासिक दर वर्षी कॉलेजच्या मुलींना पाहुण्या संपादक म्हणून बोलवायचं. १९५३ च्या जूनमध्ये अशा वीस मुलींना बार्बिझन हॉटेलात उतरवलं, त्यांतली प्लाथ ही एक. दोन वर्षांनी लेखिका जोन डिडियनही त्याच वाटेने गेली. प्लाथबाईंनी पुढे त्या महिन्याची 'द बेल जार' ही कादंबरी केली, हे सरांनी सांगितलं नाही. शिफारसपत्र मात्र लगेच दिलं, आणि त्याला टाचणीने स्वतःची एक कविता जोडली. ''जमलं तर बघ हं,'' म्हणाले.

मुलाखतीसाठी मी सगळी 'सत्यकथा' पाठ करून गेले होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिचे संपादक, नवकथा, १९८२ साली मासिक बंद पडणं, सगळं. इथल्या संपादकांनी ते डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून विचारलं, ''गाडी आहे का गं?''

''आहे सर. स्कूटी.''

''ॲव्हरेज?''

''पंचेचाळीस.''

''सोमवारपासून ये.''

गाडीचा आणि साहित्याचा संबंध मला पहिल्याच आठवड्यात कळला. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर साहित्य मागू लागला. पण अंकाच्या किमतीत अंक निघत नाही, तो जाहिरातींवर निघतो, आणि जाहिराती आपण होऊन येत नाहीत, स्कूटीवरून आणाव्या लागतात. मलपृष्ठ सगळ्यांत महाग, मग मुखपृष्ठाची आतली बाजू, मग आतलं पान, अर्धं पान, आणि शेवटी 'हितचिंतक' नावाची चिंचोळी पट्टी. प्लाथबाईंनी 'मादमोआझेल'साठी कादंबरीकार एलिझाबेथ बोवेन यांची मुलाखत घेतली. मी नारायण पेठेत चकलीच्या भाजणीवाल्यांची घेतली. त्यांनी अर्धं पान दिलं आणि वर सुचवलं, ''कथेत कुणी चकली खाताना दाखवता आलं तर बघा ना.''

उरलेला वेळ मुद्रितं तपासण्यात जायचा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम अठरा आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे. लेखक मात्र एकोणिसावा पाळतात, तो म्हणजे 'तुम्ही बघून घ्या'. त्यातून लेखक युनिकोडमध्ये टाइप करतात आणि आमच्या डीटीपीच्या ताई जुन्या फाँटात पान लावतात. या बदलाबदलीत रफाराला पाय फुटतात. एका थोर समाजसेवकावरच्या लेखात 'त्यांचे कायर् अजोड होते' असं चार वेळा आलं होतं. शेजारच्या पानावर सूर्य 'सूयर्' होऊन मावळत होता. ताईंनी ते बघितलं आणि नुसत्याच हसल्या. त्या तिथे वीस वर्षं आहेत. माझ्या मते खऱ्या संपादक त्याच, फक्त त्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही.

आता कवितांबद्दल. कवितांची एक वेगळी सुटकेस होती, खरीखुरी, कुलूप नसलेली. मला वाटायचं की कविता निवडणं म्हणजे आस्वाद, चर्चा, मतभेद. प्रत्यक्षात कविता निवडतो तो छापखान्याचा फॉर्म. आमचा फॉर्म, म्हणजे एका कागदावर छापून घडी घालायचा गठ्ठा, सोळा पानांचा. जाहिरातींसकट सगळं जुळून मजकूर भरला एकशे त्रेसष्ट पानं. दहा फॉर्म म्हणजे एकशे साठ, अकरा म्हणजे एकशे शहात्तर. तीन पानं काढायची तर ज्येष्ठ कथाकारांची कथा कापावी लागणार, आणि ते वर्षभर फोन करणार. ''तेरा पानं भर,'' संपादक म्हणाले आणि सुटकेसकडे बोट दाखवलं. दुपारी चारपर्यंत 'नव्या जाणिवांची कविता' हे दालन तयार झालं. त्याच्या प्रास्ताविकात 'काटेकोर निवड' हे शब्द मीच लिहिले. आमच्या सरांची कविताही त्यात गेली, कारण ती बरोबर पाऊण पानाची होती आणि मला पाऊणच पान हवं होतं. पुढे एका समीक्षकांनी याच दालनाचं कौतुक करताना 'संपादकीय दृष्टी' असा उल्लेख केला. दृष्टी बाइंडरची होती.

अंक वसुबारसेला आला. संपादकाचं नाव छापायला २०२४ पर्यंत १८६७ चा छापखान्यांचा कायदाच भाग पाडायचा, विद्यार्थी संपादकाबद्दल तो अवाक्षर काढत नव्हता. तरी माझं नाव होतं, अक्षरजुळणी आणि कागदपुरवठा यांच्या खाली. त्याच्या लगेच खालची ओळ 'अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही होती. मानधन म्हणून पाच प्रती मिळाल्या. चार मावश्यांनी नेल्या. पाचवी बाबांनी उलटसुलट करून पाहिली, चकलीच्या पानावर थांबले आणि म्हणाले, ''ही जाहिरात चांगली आहे.''

यंदाच्या अंकाचं काम सुरू झालं आहे. लेख पाठवणाऱ्यांनी ते युनिकोडमध्ये पाठवावेत, पण छापून आल्यावर रफार मोजू नयेत. 'पोचला का?' हा फोन दुपारी एक ते चार करू नये, आमचं कार्यालय पुण्यात आहे. आणि कविता तूर्त कुणीही पाठवू नयेत. यंदा जाहिराती बऱ्या आल्या आहेत.