नळाचा वार

शनिवार-रविवार गाठून मुरुड-जंजिऱ्याला गेलो. राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात उतरलो. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे तलाव! आमच्या मंडळींनी कलालबांगडी तोफ सोडून तलावाचेच फोटो काढले. संभाजीनगरकरांना अप्रूप कशाचं, हे काय सांगायला हवं?

जंजिऱ्याचे सिद्दी हबशी. सतराव्या शतकात आमच्या शहरात नहरीतून पाणी खेळवणारा मलिक अंबरही हबशीच. त्याच्याकडे ना पंप होते, ना निविदा. आमच्याकडे दोन्ही आहेत, शिवाय पन्नासेक किलोमीटरवर अख्खं जायकवाडी धरण आहे. नाही ते फक्त नळाला पाणी.

घरी परतलो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, “पाणी कालच येऊन गेलं की!”

तेव्हा सहल ठरवताना भरती-ओहोटी नंतर बघा. आधी नळाचा वार विचारा.