खंडूचं पथ्य

आमचा खंडू रात्री दोन वाजता खाजवायला बसतो. मागचा पाय फरशीवर असा ठोठावतो, की खालच्या मजल्यावरचे काका सकाळी भेटले की विचारतात, “काय, फर्निचरचं काम काढलंय?”

माणसाला खाज सुटली की लोक दोन पावलं लांब सरकतात. कुत्र्याला सुटली की जवळ येऊन सल्ला देतात. काकूंनी कडुनिंबाच्या पाण्याची अंघोळ सांगितली. मेव्हण्याने स्वतःची सर्दीची गोळी पुढे केली; कुत्र्यांच्या खाजेवर ती फारशी चालत नाही, हे त्याला पटवणं खाज थांबवण्यापेक्षा अवघड गेलं. वॉचमनने खोबरेल सुचवलं. एका पायाला लावलं, ते खंडूने चाटून संपवलं आणि दुसरा पाय पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी काही न बोलता बारीक दातांच्या कंगव्याने त्याची शेपटीजवळची पाठ विंचरली. काळे कण निघाले. ते ओल्या कापसावर ठेवताच भोवती तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे खंडूचंच पचलेलं रक्त. “आमच्या घरात? पिसवा?” आईला हा घराण्यावरचा आरोप वाटला. पण अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला पिसवांची फौज लागत नाही. दोन-चार चावे आणि त्यातली लाळ पुरते. शिवाय अंगावर दिसतात त्या थोड्याच. मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालते आणि ती गळतात सोफ्यात, गादीत, सतरंजीत. त्यामुळे औषध खंडूला आणि घर झाडायची शिक्षा मला.

पिसवा गेल्या. पंजे चाटणं आणि कान खाजवणं तेवढं उरलं. आता संशय खाण्यावर. बाई म्हणाल्या, रक्ताच्या तपासणीवर यात भरवसा ठेवता येत नाही; आठ आठवडे पथ्य करायचं. चिकन, दूध, पोळी बंद. त्याने जन्मात खाल्लं नाही तेच द्यायचं. ठरलं रताळं आणि मासा. शाकाहारी घरात हे शिजायला लागलं, तेव्हा एका भांड्यात एकादशी आणि दुसऱ्यात शिमगा पाहून आईने देवघराचं दार लावून घेतलं.

आणि या आठ आठवड्यांत दुसरं काहीही नाही. एक बिस्किट नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळीसुद्धा नाही. कुत्र्याचं पथ्य कुत्रं मोडत नाही, त्याला कपाट उघडता येत नाही. मोडतात दोन पायांचे. त्यातही आमच्या बाबांना मधुमेह; पथ्य म्हणजे आई खोलीत असताना करायची गोष्ट, अशी त्यांची जुनी धारणा. त्यांचं आणि खंडूचं सकाळच्या फेरीत काय चालतं, ते टपरीवाल्याला ठाऊक.

पुढच्या भेटीत बाईंनी विचारलं, “पथ्य नीट चाललंय ना? वरचं काही?” आम्ही सगळे एका सुरात “छे!” म्हणालो. बाबा तर सगळ्यांत मोठ्याने.

खंडू उठला, बाबांच्या समोर जाऊन शिस्तीत बसला, उजवा पंजा वर केला आणि त्यांच्या डाव्या खिशाकडे बघून लाळ गाळू लागला.

बाईंनी केसपेपर पुढे ओढला. “पहिल्या दिवसापासून परत,” त्या म्हणाल्या, “आणि आजोबा, तुमची साखर शेवटची कधी तपासली होती?”